पत्रार्थी

जून लागला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या बेसमेंटमध्ये पत्रार्थी उतरायला लागतात. वय पंचवीस-सव्वीस, एमबीबीएस आणि इंटर्नशिप उरकलेली, डोळ्याला चष्मा आणि हातात हँगरसकट इस्त्रीचा पांढरा कोट. बाकीचं सामान बॅगेत कोंबलेलं असतं, कोट मात्र मुंबईपासून मांडीवर बसून आलेला असतो. हा आपल्या नात्यातलाच असतो, म्हणजे कोणाच्या तरी साडूच्या मेहुण्याचा मुलगा. "ताई, चारच आठवडे हो," असं त्याची आई सांगलीहून फोनवर सांगते. "त्याचं जेवणाचं काही नाही. वरणभात असला की झालं." यातलं चार आठवड्यांचंही खरं नसतं आणि वरणभाताचंही.

आमच्या बेसमेंटमधून असे बरेच डॉक्टर गेले. मुलीही होत्या, पण सोयीसाठी मी 'तो' म्हणते. चेहरे वेगळे, गावं वेगळी. लक्षणं मात्र सगळ्यांची एक.

तो इथे नोकरीला आलेला नसतो, शिकायलाही नाही. पत्रं गोळा करायला आलेला असतो. अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे एमबीबीएसनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, करायची तर अर्ज 'ईरास' नावाच्या एका यंत्रणेतून जातो आणि दर प्रोग्रॅमला जास्तीत जास्त चार शिफारसपत्रं लावता येतात. त्यांना हे लोक 'एलओआर' म्हणतात. 'सरांचा एलओआर आला', 'दोन एलओआर पेंडिंग आहेत', 'हिच्याकडे तीन यूएस एलओआर आहेत' वगैरे. तिसरं वाक्य म्हणताना आवाज जरा खाली जातो. अमेरिकन डॉक्टरने अमेरिकेतल्या हॉस्पिटलात पाहून लिहिलेलं पत्र म्हणजे यूएस एलओआर. ते मिळवायला इथे येऊन 'ऑब्झर्व्हरशिप' करावी लागते आणि ऑब्झर्व्हरशिपला आमचं बेसमेंट लागतं.

पूर्वी इथल्या डॉक्टरकीच्या परवान्यासाठीच्या स्टेप वन या परीक्षेचे तीन आकडी मार्क असायचे. २६ जानेवारी २०२२ पासून ते बंद झाले, आता नुसतं पास की नापास. बालवाडीपासून मार्कांवर वाढलेल्या मुलाला एके दिवशी कोणीतरी सांगावं की मार्क राहू देत, तुझ्याबद्दल चार माणसं काय बोलतात ते सांग, अशी याची गत. चार माणसं आपल्याबद्दल चांगलं बोलावीत म्हणून काय करायचं असतं, हे त्याला कोणत्याच क्लासमध्ये शिकवलेलं नसतं.

पहाटे पाचला बेसमेंटमधून कुकरसारखा आवाज येतो. तो त्याचा इस्त्रीचा वाफारा. कोटाला इस्त्री रोज. डब्यात पोळीचा रोल, कांदा नाही, लसूण नाही, कारण "राउंडवर वास नको, काकू." मग आमचे हे त्याला मेट्रोपार्क स्टेशनवर सोडतात आणि तो न्यूयॉर्कची गाडी पकडतो. सातच्या राउंडला तो पावणेसातला उभा असतो. अटेंडिंग, म्हणजे तिथले मोठे डॉक्टर, येतात ते सव्वासातला, पण आपण आधी आलो होतो हे त्यांना कळणार कसं, ही त्याची पहिली काळजी.

आणि तिथे जाऊन हा करतो काय? हात मागे बांधून उभा राहतो. ऑब्झर्व्हरने फक्त बघायचं, पेशंटला हात लावायचा नाही, असा नियम. ज्या पोराने इंटर्नशिपमध्ये रात्रीत जखमा शिवल्या, नाळा कापल्या, वीज गेल्यावर मोबाइलच्या उजेडात शीर शोधली, त्याने इथे पेशंटची उशीसुद्धा सारखी करायची नाही. एकदा एका म्हाताऱ्या बाईंचं पांघरूण घसरलं. "काकू, हात पुढे गेला होता हो माझा," तो रात्री सांगत होता, "मग आठवलं आणि नर्सला शोधायला गेलो." या अशा उभं राहण्यावरून समोरच्याने त्याच्या वैद्यकीय कौशल्याबद्दल एक पानभर लिहायचं असतं. म्हणून मग तो प्रश्न विचारतो. रोज एक हुशार प्रश्न. जास्त विचारले तर आगाऊ, कमी विचारले तर मठ्ठ, म्हणून एकच. तो आदल्या रात्री आमच्या डायनिंग टेबलावर तयार होतो आणि ह्यांच्यावर त्याची तालीम होते. आमचे हे पुलांचे इंजिनिअर. पण सोडियम कमी झालं तर ते हळूहळू का वाढवायचं, हे आता त्यांना झोपेतून उठवून विचारा.

दुसऱ्या आठवड्यापासून शब्दांचा किस पाडणं सुरू होतं. अटेंडिंग आज 'गुड' म्हणाले. काल 'व्हेरी गुड' म्हणाले होते. मग आज काय बिघडलं? हा मजकूर सांगलीला जातो, मित्रांच्या ग्रुपवर जातो, आणि मग माझ्यापर्यंत येतो. मी म्हणते, अरे, अमेरिकेत गॅस भरून दिला तरी 'ग्रेट' म्हणतात. पण त्याला ते पटत नाही. एका मुलीला तिच्या अटेंडिंगनी लिफ्टमध्ये 'सी यू टुमॉरो' म्हटलं, तर तिने त्या दिवशी शिरा केला होता.

पत्र मागण्याचा दिवस ठरलेला असतो: शेवटच्या आठवड्यातला मंगळवार. सोमवारी लोक वैतागलेले असतात, शुक्रवारी घाईत. नुसतं 'पत्र द्याल का' असं विचारायचं नाही, 'स्ट्रॉंग लेटर देऊ शकाल का' असं विचारायचं, हा सीनियरांचा कानमंत्र. म्हणजे समोरच्याला द्यायचं नसेल तर त्याला तिथेच सुटता येतं आणि आपलीही कोमट पत्रातून सुटका होते. ऐकायला सोपं वाटतं. पण सांगली-मिरजेकडच्या मुलाने, ज्याला पाहुण्यांकडे दुसरा लाडू मागायचा नाही असं बजावून वाढवलंय, त्याने एका मोठ्या डॉक्टरला जाऊन 'माझं भरपूर कौतुक करा' असं म्हणायचं. बाथरूमच्या आरशासमोर तो हे वाक्य घोकतो. पाण्याचा नळ चालू ठेवून, म्हणजे आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून. ऐकू येतं.

बॅगेत भेटवस्तू असतात. चितळ्यांची बाकरवडी, पैठणीच्या काठाचा स्टोल, एखादा चंदनाचा गणपती. आता यात नीतीचा बारीक प्रश्न असा, की पत्राआधी दिलं तर ती लाच वाटते आणि पत्रानंतर दिलं तर ते आभार. त्यामुळे पत्र पोर्टलवर चढेपर्यंत बाकरवडी माझ्या फ्रिजमध्ये राहते, वर चिठ्ठी लावून: 'डॉक्टरांची. खाऊ नये.' हे ती खातात. मग ओक ट्री रोडवर जाऊन दुसरं पाकीट आणायचं आणि चिठ्ठी तीच लावायची, हे माझ्याकडे.

पत्राच्या बाबतीत शहाणा पत्रार्थी डॉक्टरांच्या मागे लागत नाही, त्यांच्या सेक्रेटरीच्या मागे लागतो. डॉक्टर 'शुअर, हॅपी टू' म्हणून कॉरिडॉरमध्ये दिसेनासे होतात. पत्र लेटरहेडवर उतरतं, सहीला पुढ्यात जातं आणि वेळेत चढतं ते त्या बाईंमुळे. ज्यांनी त्यांच्या नातवाचं नाव लक्षात ठेवलं त्यांची पत्रं ऑगस्टमध्ये आली, बाकीच्यांची नवरात्रात.

आता भारतातल्या पत्राचं. एक तरी तिकडचं हवं, आपल्या कॉलेजातल्या सरांचं. सर प्रेमळ असतात, ओपीडीत शंभर पेशंट असतात आणि ते म्हणतात, "अरे, तू ड्राफ्ट करून आण, मी सही करतो." यात वाईट हेतू नसतो, वेळ नसतो एवढंच. पण तिकडे ईरासवर एक चौकोन असतो: 'हे पत्र पाहण्याचा माझा हक्क मी सोडत आहे.' अमेरिकेत १९७४ चा एक कायदा आहे, त्याने विद्यार्थ्याला आपली कागदपत्रं बघायचा हक्क दिला. आणि तो हक्क सोडला नाही तर पत्रात मोकळेपणाने लिहिलं असेल यावर कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणून सगळे तो सोडतात. आमचा पत्रार्थीही सोडतो. म्हणजे जे पत्र आपण कधीही पाहणार नाही असं त्याने लिहून दिलं, ते पत्र रात्री अकरा वाजता आमच्या स्वयंपाकघरात बसून तोच लिहीत असतो. हे बरोबर नाही हे त्यालाही कळतं. त्याचा चेहराच सांगतो. पण सरांना 'तुम्हीच लिहा' म्हणायची हिंमत आपल्याकडे अजून कोणत्या कॉलेजात शिकवत नाहीत.

आणि स्वतःचं कौतुक लिहिणं किती अवघड! पहिल्या परिच्छेदात तो स्वतःला 'मेहनती' म्हणतो, दुसऱ्यात 'प्रामाणिक', तिसऱ्यात 'नम्र', आणि चौथ्यात विशेषणं संपून पुन्हा 'नम्र'. मी म्हटलं, एखादा प्रसंग लिही. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "एकदा एक आजोबा ससूनच्या बाहेर पायरीवर बसले होते, परत जायला पैसे नव्हते, तर मी त्यांना एसटीत बसवून दिलं. पण ते कसं लिहायचं, काकू? सरांना माहीतच नाही ते." तो प्रसंग पत्रात गेला नाही. 'हार्डवर्किंग' गेलं.

त्यानंतर लेटरहेड. ते कपाटात, कपाटाची किल्ली क्लार्ककडे, क्लार्क लग्नाला. सही झाली की सर वर ठसठशीत शिक्का मारतात, जो इथे कोणी मागितलेला नसतो. मग पोर्टल. प्रत्येक पत्राला आपला एक क्रमांक असतो, तो टाकून पत्र लिहिणाऱ्याने स्वतः किंवा त्याने नेमलेल्या माणसाने ते चढवायचं. उमेदवाराने नाही. सर म्हणतात, "तूच टाक ना बाबा, माझा पासवर्ड घे." इथे मात्र माझ्या पाहण्यातले सगळे पत्रार्थी अडले. एकाने आमच्या इथल्या पहाटे साडेतीनला, म्हणजे तिकडे दुपारी एकला, व्हिडिओ कॉल लावून सरांना स्वतःच्या हाताने पत्र चढवायला लावलं. "सर, डावीकडचं बटण. नाही सर, ते बंद करायचं. सर, ते परत उघडा." एक तास. शेवटी सरांची मुलगी कॉलेजातून आली आणि तिने दोन मिनिटांत केलं.

गणपतीही नेमके याच दिवसांत येतात, सप्टेंबरात अर्ज भरायचे असतात तेव्हा. आमच्या मराठी मंडळाचा उत्सव शाळेच्या हॉलमध्ये असतो आणि पत्रार्थी तिथे भाविकपणे येतो. मंत्रपुष्पांजली चालू असताना त्याचे डोळे मिटलेले नसतात, ते रांगा तपासत असतात. महाप्रसादाच्या रांगेत पाच माणसं सोडून तो अचूक डॉक्टरच्या मागे उभा राहतो. "काका, तुम्ही कोणत्या स्पेशालिटीत?" एकदा काका म्हणाले, "मी भूलतज्ज्ञ होतो, रिटायर होऊन दहा वर्षं झाली." पत्रार्थीने मसालेभाताची प्लेट डाव्या हातात घेऊन तरीही त्यांचा नंबर सेव्ह केला. भूल काय, निवृत्ती काय, माणूस कोणाला तरी ओळखत असतोच.

आणि मग ती आठवणीची ईमेल. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हाच सर्वांत कठीण भाग. अटेंडिंगनी पत्र देतो म्हटलंय, तीन आठवडे झालेत, पोर्टलवर काही दिसत नाही. तो पान पुन्हा पुन्हा उघडतो; जेवताना, जिन्यावर, मी भाजी निवडायला बसवलं तर एका हाताने. शेवटी ठरतं की आठवण करू. वडीलधाऱ्यांना आठवण करणं म्हणजे उद्धटपणा, हे त्याच्या रक्तात.

"काकू, 'जेंटल रिमाइंडर' लिहू की नुसतं 'रिमाइंडर'?"

"काहीच लिहू नकोस. 'पत्राचं काय झालं' असं विचार."

"असं कसं विचारणार?"

"मग 'जेंटल' लिही."

"पण 'जेंटल' म्हटलं की आपण रागावलोय असं वाटतं ना?"

चार ओळींच्या त्या ईमेलला त्याला एक संध्याकाळ लागली. उत्तर आलं, "विल डू!" दोन शब्द आणि एक उद्गारचिन्ह. त्या उद्गारचिन्हावर सांगलीत, पुण्यात आणि इथे आमच्या एडिसनमध्ये चर्चा झाली. आईचं मत, ते खूश आहेत. मित्राचं मत, ते चिडलेत. त्यानंतर लेबर डेची सुट्टी आली आणि सगळे डॉक्टर समुद्रावर गेले.

त्याच्या लॅपटॉपवर एक एक्सेल असते. मी घरचं बजेट इतकं रंगीत कधी केलं नाही. शे-दीडशे प्रोग्रॅम उभे, पत्रं आडवी. पत्रं सात, जागा चार. मग कोणाला कोणती? इंटरनल मेडिसिनला कार्डिओलॉजीवालं चालेल, पण फॅमिली मेडिसिनला नको. एका मुलीच्या सायकियाट्रीच्या सरांनी, ही जन्मजात सायकियाट्रिस्ट आहे, असं मनापासून लिहिलं होतं; तसं त्यांनी तिला स्वतःच सांगितलं. ते पत्र मेडिसिनच्या प्रोग्रॅमला चुकून लागू नये म्हणून तिने त्याला लाल रंग दिला आणि रात्रीतून दोनदा उठून तो लालच आहे ना हे पाहिलं.

एवढं करून काय होतं, हे मार्चमध्ये कळतं. मॅच म्हणतात त्याला. उमेदवार आणि प्रोग्रॅम जुळवायची ही पद्धत १९५२ पासूनची आहे. तिच्यामागचं गणित गेल आणि शॅप्ली या दोघांनी १९६२ साली मांडलं, ते कॉलेजप्रवेश आणि लग्नं जुळवण्याबद्दलच्या निबंधात. आणि या मॅचच्या यंत्राची आताची घडण ज्याने बसवली त्या ॲल्विन रॉथला शॅप्लीबरोबर २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हे मला पत्रार्थ्यांनीच सांगितलं. त्यांच्या आयांना मात्र नोबेलशिवायच ते कळलेलं असतं, कारण सांगलीत त्याच महिन्यात स्थळंही बघणं चालू असतं. "एकदा इकडचं जुळलं की तिकडचं बघू," असं मला एका आईने सांगितलं, आणि दोन्हीकडे शिफारशी लागतात, अशी वर जोडही दिली.

२०२५च्या मॅचला ४३ हजारांवर जागा होत्या आणि नावं नोंदवणारे ५२ हजारांवर. परदेशात शिकलेल्या आणि परदेशीच नागरिक असलेल्या शंभरातल्या साठाच्या आतबाहेर लोकांचं जुळतं. म्हणजे आमच्या बेसमेंटमधून गेलेल्या काहींचं जुळलं नाही. ते परत गेले, काही पुन्हा आले. दुसऱ्या खेपेला आलेला पत्रार्थी कमी बोलतो, जास्त भांडी घासतो. मला तो पहिल्या खेपेपेक्षा जास्त आवडतो आणि त्याला काय बोलावं ते सुचत नाही. मी थालीपीठ लावते.

ज्यांचं जुळतं त्यांचा फोन सोमवारीच येतो. जुळलं की नाही एवढंच त्या दिवशी कळतं. कुठे, ते शुक्रवारी बारा वाजता, म्हणजे भारतात रात्री साडेनऊला. त्या चार दिवसांत सांगलीत कोणी मालिका बघत नाही. मग १ जुलैला तो ओहायोत किंवा मिशिगनमध्ये कामाला लागतो आणि पेशंटला हात लावायला मिळतो. तीन वर्षांनी रेसिडेन्सी संपते, मग आणखी काही. आणि मग एक दिवस तो स्वतः अटेंडिंग होतो.

इथे माझी खरी तक्रार सुरू होते. आमच्याकडे सुरुवातीला राहिलेल्यांपैकी एक, ज्याने 'जेंटल' या शब्दावर माझी झोप घालवली होती, तो आता मोठा डॉक्टर आहे. दोन मुलं, टेस्ला, लॉनवर बास्केटबॉलचा खांब. मागच्या उन्हाळ्यात बेसमेंटमध्ये जी मुलगी होती ती त्याच्याकडेच ऑब्झर्व्हरशिप करून आमच्याकडे परत आलेली. सप्टेंबर लागला तरी तिचं एक पत्र आलेलं नव्हतं. कोणाचं, असं मी विचारलं. तिने घाबरत त्याचं नाव सांगितलं. आठवणीची ईमेल पाठवली होती म्हणे, उत्तर आलं होतं, "विल डू!"

मी त्याला फोन लावला. "अरे, काय चाललंय तुझं?"

"काकू! कशा आहात? बिझी हो फार. कॉल, क्लिनिक, चार्टिंग..."

"तिचं पत्र?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, अगदी जुन्या सरांच्या आवाजात: "तिला सांगा ना, ड्राफ्ट करून पाठव."

मी त्याला काय म्हटलं ते इथे छापण्यासारखं नाही. पत्र त्याच रात्री चढलं, त्याने स्वतः लिहिलेलं. त्यात काय होतं ते आम्हाला माहीत नाही, कारण तिने हक्क सोडलेला होता. पण दुसऱ्या दिवशी तो फोनवर म्हणाला, "काकू, ती वॉर्डात एका पेशंटची व्हीलचेअर येईपर्यंत त्याच्यापाशी थांबली होती, तिची वेळ संपल्यावर. मी तेच लिहिलं." तेवढ्यापुरतं मी त्याला माफ केलं.

तेव्हा हे वाचणाऱ्या मराठी डॉक्टरांनो, तुम्ही ओहायोत असा, टेक्सासमध्ये असा नाहीतर पुण्यात ओपीडीत असा: तुमच्या इनबॉक्समध्ये आत्ता एखादा 'जेंटल रिमाइंडर' पडलेला असेल. प्रोग्रॅम अर्ज उघडतात ते सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. पत्र स्वतः लिहा, त्या मुलाने केलेली एक गोष्ट आठवून लिहा, आणि आज जेवायच्या आधी चढवून टाका. माझ्या फ्रिजमध्ये बाकरवडी पडून आहे आणि आमच्या ह्यांना शुगर आहे.